मोबाईल विकणाऱ्यांना कोथिंबीर का विकायची आहे?

मोबाईल, पुस्तके, चपला, साड्या विकून मोठ्या झालेल्या कंपन्या आता मीठ-मिरचीकडे वळल्या आहेत. फ्लिपकार्टने ऑगस्ट २०२४ मध्ये बेंगळुरूत ‘मिनिट्स’ ही झटपट किराणा पोचवणारी सेवा सुरू केली. पाठोपाठ ॲमेझॉनने तिथेच ‘नाऊ’ काढले आणि २०२५ मध्ये ते दिल्ली-मुंबईत नेले. टाटांची बिगबास्केट, झोमॅटोवाल्यांची ब्लिंकिट, स्विगीची इन्स्टामार्ट आणि झेप्टो ही मंडळी तर आधीपासूनच मैदानात आहेत. बेंगळुरूत रुजलेली गोष्ट आज ना उद्या हुबळी-बेळगावच्या रस्त्याला लागते, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. त्यामुळे बेळगावच्या रविवार पेठेतल्या होलसेलवाल्यापासून गल्लीच्या तोंडावरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न आहे: किलोभर साखरेवर रुपया-दोन रुपये सुटतात, आणि त्यासाठी एवढी मोठी कंपनी दारात गाडीवरून पोरगा पाठवते? यात काहीतरी गोम आहे.

गोम आहेच. पण ती बहुतेकांना वाटते तिथे नाही.

किराण्यात एवढे आहे तरी काय?

मोबाईल आपण दोन-तीन वर्षांनी घेतो, मिक्सर तर दहा वर्षे रेटतो. तेल, चहापूड, साबण, दूध मात्र लागतच राहते. ऑनलाइन कंपनीच्या दृष्टीने गिऱ्हाइकाने किती रुपयांचा माल घेतला यापेक्षा त्याने महिन्यातून किती वेळा ॲप उघडले, याला मोल जास्त आहे. रोज दूध मागवणारी बाई सणाला कढईही तिथूनच मागवते. एकदा सवय लागली की दुसरीकडे दर विचारायचाही कंटाळा येतो. किराणा विकायचा तो या सवयीसाठी. साखरेवरचा रुपया त्या हिशेबात गौण आहे.

ॲमेझॉनने १९९५ मध्ये पुस्तकांपासून सुरुवात केली आणि २००७ मध्ये सिएटलला ‘फ्रेश’ नावाने भाजीपाला-किराणा घरपोच द्यायला घेतला. दहा वर्षे झटूनही म्हणावा तसा जम बसेना. शेवटी २०१७ मध्ये त्यांनी ‘होल फूड्स’ ही चारशेहून जास्त दुकाने असलेली साखळी १३.७ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. लोकांची दुकानात जायची सवय मोडून मोठी झालेली कंपनी, आणि किराण्यासाठी तिलाच दुकाने विकत घ्यावी लागली! हा धंदा किती चिवट आहे ते एवढ्यावरून कळावे.

मग पैसे बुडतात कुठे?

आधी एक शब्द समजून घेऊ. ‘डार्क स्टोअर’ म्हणजे गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसलेले दुकान. वस्तीत एखादा गाळा घ्यायचा, आत घडवंच्यांवर माल लावायचा, ऑर्डर आली की आतल्या पोरांनी पिशवी भरायची आणि बाहेर थांबलेल्या पोराने ती पोचवायची. दहा-पंधरा मिनिटांत माल येतो तो असा. तो बेंगळुरूहून येत नाही, दोन गल्ल्या पलीकडून येतो.

आता हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा, चारशे रुपयांची ऑर्डर आहे आणि त्यात कंपनीला साठ रुपये सुटतात. पोचवणाऱ्याला चाळीस गेले. राहिलेल्या विसात गाळ्याचे भाडे, फ्रीजचे लाईट बिल, पिशवी भरणाऱ्याचा पगार, नासलेले टोमॅटो आणि वर गिऱ्हाइकाला दिलेली सूट बसवायची आहे. ते बसत नाही. दर ऑर्डरमागे पदरचे पैसे जातात.

हे बसवायचा एकच मार्ग आहे, आणि तो बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या कुठल्याही वडापवाल्याला तोंडपाठ आहे. गाडी भरली तर फेरी सुटली. दोनच माणसे घेऊन निघाला तर डिझेल तेवढेच, रस्ता तोच, पण दिवस वाया. म्हणून तो माणसे भरेपर्यंत हलत नाही. ऑनलाइन किराण्याचेही तसेच आहे. पोरगा एका फेरीत बेळगावच्या टिळकवाडीतल्या तीन शेजारच्या घरांना तीन पिशव्या देऊन आला तर चाळीसचा खर्च चौदावर येतो. कंपन्या गाव निवडताना हेच बघतात: एवढ्याशा जागेत किती घरे, त्यातली किती फोनवरून पैसे देणारी, आणि आठवड्याला किती ऑर्डरी.

हे गणित न जमल्याने बुडालेल्यांची यादी लांबलचक आहे. अमेरिकेतली वेबव्हॅन २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे पेपरटॅपने २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. घरपोच सोडा, दुकानातला किराणाही सोपा नाही: खुद्द ॲमेझॉनने ब्रिटनमधली आपली फ्रेश दुकाने बंद करायचे २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हा ‘ते आले की सगळे संपले’ असे छाती बडवून सांगणाऱ्यांचेही फार मनावर घेऊ नये.

तोटा सोसून चालतात, तर पैसा येतो कुठून?

सुरुवातीला येतो गुंतवणूकदारांच्या खिशातून. ते पैसे लोकांना सवय लावायला खर्च होतात, आणि तोवर शेजारचा कोणी टिकला नाही तर तेही त्यांच्या पथ्यावरच पडते. नंतरची कमाई वेगळ्या वाटांनी होते. ॲपवर ‘तेल’ लिहिल्यावर पहिले कोणते पाकीट दिसावे, यासाठी तेलाची कंपनी पैसे मोजते. दुकानदारही पुढच्या फळीवर कोणाचा माल लावायचा ते स्कीम बघूनच ठरवतो, पण त्याची फळी पाच फुटांची, आणि शेजारी दुसरे दुकान असते. दुसरी वाट म्हणजे स्वतःच्या छापाची डाळ, स्वतःच्या छापाचे तूप. तिसरी, हाताळणी शुल्क, पावसाचे शुल्क, ऑर्डर लहान आहे म्हणून शुल्क. शेवटचे बटण दाबेपर्यंत न दिसणाऱ्या अशा आकारणीला सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढून फसव्या क्लृप्त्यांत धरले. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणेही त्यातच मोडते. तरी पैसे भरण्याआधी यादी एकदा खालून वर वाचावी.

परदेशी कंपनीला हे चालते का?

चालते, पण सोवळे पाळून. परदेशी पैसा असलेल्या ऑनलाइन कंपनीला आपल्या देशात फक्त मंडई चालवता येते: जागा तिची, माल दुसऱ्यांचा. स्वतः माल विकत घेऊन तो ॲपवर विकायला बंदी आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी आवळले. मंडई चालवणाऱ्याची भागीदारी असलेल्या विक्रेत्याला तिथे माल विकता येत नाही, आणि कुठल्या विक्रेत्याने आपल्या मालापैकी पाव हिश्श्याहून जास्त त्याच गटाकडून घेतला तर तो स्वतंत्र धरला जात नाही. भारतात पिकलेल्या आणि तयार झालेल्या खाद्यपदार्थांसाठी मात्र २०१६ पासून परवानगी घेऊन पूर्ण परदेशी गुंतवणूक चालते, आणि ॲमेझॉनने तशी परवानगी २०१७ मध्ये मिळवली.

भारतीय मालकीच्या कंपनीला ही बंधने लागत नाहीत. म्हणून तर झोमॅटोच्या मूळ कंपनीने, म्हणजे आताच्या इटर्नलने, २०२५ मध्ये आपल्यातली परदेशी मालकी ४९.५ टक्क्यांवर रोखून घेतली. भारतीय ठरल्यावर ब्लिंकिटला माल स्वतः घेऊन विकायची वाट मोकळी झाली. ‘परदेशी कंपन्यांना हाकला’ म्हणून मोर्चा काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गल्लीतल्या दुकानाला फटका बसायचाच असेल तर तो देशी हातानेही तितकाच बसेल.

खरा फटका कोणाला?

आता मूळ मुद्दा. सगळी चर्चा शहरातल्या दुकानदारावर घुटमळते. माझ्या मते सर्वांत जास्त झळ पोचेल ती ज्यांच्या दारात हे ॲप कधीच येणार नाही त्यांना.

किराणा दुकानात दोन तऱ्हेचा माल असतो. साखर, तेल, तांदूळ यांवर जेमतेम सुटते. साबण, बिस्किटे, शाम्पू, चहापूड अशा पाकीटबंद मालावर त्यामानाने बरे सुटते. गिऱ्हाईकही दोन तऱ्हेचे. एक रोख देणारे, दुसरे वहीत लिहायला सांगणारे. ॲप उचलते ते रोख देणारे गिऱ्हाईक आणि बरे सुटणारा माल. दुकानात मागे राहते सुट्या मालाचे वजन आणि उधारीची वही.

बेळगावच्या शहापुरातल्या एका दुकानात ऐकलेला संवाद असा:

“मामा, दोन किलो तांदूळ, एक तेलाची पिशवी. लिहून ठेवा.”

“मागचं अजून हाय बघा अक्का.”

“उसाचं बिल आलं की सगळं देतो की वो.”

मामांनी लिहून ठेवले. अक्कांनी साबणाचे नाव काढले नाही. तो फोनवर स्वस्त मिळतो. त्यांच्या मुलाने आदल्याच दिवशी मागवला होता, रोख.

आता हीच साखळी गावाकडे न्या. साबणाची किंवा बिस्किटाची एजन्सी बेळगावात असते. तिची गाडी खानापूरच्या लाईनवर जाते, पुढे जांबोटी, कणकुंबी करत वाडीवस्तीतल्या दुकानांना दोन-दोन, चार-चार पेट्या टाकते. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस. तिथल्या फेरीत एजन्सीला फारसे काही सुटत नाही. सुटते ते शहरातल्या मोठ्या खपावर, आणि त्याच्याच जोरावर ती लांबची लाईन चालते. शहरातला खप ॲपकडे वळला, आणि ॲपवाले माल एजन्सीला वगळून थेट कंपनीकडून उचलू लागले, तर एजन्सीवाला पहिली कोणती लाईन बंद करील? आठवड्याची गाडी पंधरवड्याची होईल, मग ‘तुम्हीच येऊन घेऊन जावा’ म्हणून फोन येईल. वाडीतला दुकानदार एसटीच्या टपावरून, तर कधी वडापमधून पेट्या आणील आणि ते भाडे बिस्किटाच्या पुड्यातून वसूल करायला बघेल. पण पुड्यावर एमआरपी छापलेली आहे, तिच्यावर त्याला जाता येत नाही. मग सुट्या डाळीचा दर चढेल, कारण सुट्या मालावर एमआरपी नसते.

म्हणजे टिळकवाडीतल्या सवलतीचा काही भाग कणकुंबीतल्या डाळीतून वसूल होतो. ॲपवाल्याच्या मनात तसे काही नसते, त्याला कणकुंबी ठाऊकही नसते. वितरकांच्या देशव्यापी संघटनेने २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे झटपट डिलिव्हरीच्या कंपन्यांविरुद्ध धाव घेतली ती याच साखळीच्या भीतीने. त्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ आहेच, पण स्वार्थी माणूस खोटेच बोलतो असे थोडेच आहे.

“पण स्वस्त मिळतंय, त्याचं काय?”

मिळते, पाकीटबंद मालात नक्कीच. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, त्याखाली कितीही उतरता येते. मोठ्या खरेदीदाराला कंपनी कमी दराने माल देते, म्हणून तो खाली उतरू शकतो. महिन्याचे सामान भरणाऱ्या घराला चार पैसे वाचत असतील तर त्याला नावे ठेवायचा हक्क कोणाला नाही.

फक्त ताडून बघताना एक काळजी घ्यावी. ऑनलाइन पाकिटांचे वजन हमेशाचे असेलच असे नाही. आठशे ग्रॅमचे तेल लिटरभर वाटते. पाकिटावर आता प्रति किलो किंवा प्रति ग्रॅम दरही छापावा लागतो, तोच बघावा. कराचाही एक भाग आहे. जुलै २०२२ पासून आधी पॅक केलेल्या, लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळी, पिठावर पंचवीस किलोपर्यंत पाच टक्के जीएसटी आहे. पोत्यातून मापून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. येळ्ळूरचा वासाचा तांदूळ ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्याने घेणाऱ्याने ॲपवरच्या ‘सवलती’ला फार भुलू नये. तो तांदूळ तसाही तिथे मिळायचा नाही.

“दुकानदार तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत?”

नाहीत. मापात मारणारे आहेत, मुदत संपलेले पाकीट पुढे करणारे आहेत, बिल मागितले की कपाळाला आठ्या घालणारे तर गल्लीगल्लीत आहेत. ॲपवर बिल येते, तक्रार लिहून राहते. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांना बजावले की खाद्यपदार्थ घरी पोचेल तेव्हा त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. असे बंधन गल्लीतल्या दुकानाला कोणी घातलेले नाही. ॲपवाल्याने दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि ती दुकानदाराविरुद्धही करता येते.

उधारीचे म्हणाल तर ॲपवरही ‘आता घ्या, नंतर द्या’ असते. पण ते कर्ज असते. पॅन लागते, हप्ता चुकला तर दंड बसतो आणि चूक पतनोंदीत चढते. पुढे ट्रॅक्टरचे कर्ज काढायला बँकेत गेलात की ती तिथे उभी. मामांच्या वहीला व्याज नसते. मात्र मामांच्या मालाचा दर थोडा चढा असतो आणि ते व्याज त्यातच असते, हेही खरे.

शेतकऱ्याला काही मिळेल का?

थोडे मिळेल, थोड्यांना मिळेल. बेळगावचा भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या घाट उतरून गोव्याला जातो. पश्चिम भागातली रताळी महाशिवरात्रीच्या सुमाराला लांबलांबच्या बाजारात जातात. इथल्या शेतकऱ्याला लांबचे गिऱ्हाईक नवीन नाही. मोठी कंपनी थेट खरेदी करते तेव्हा ती एकसारखा आकार आणि ठरल्या दिवशी ठरलेले वजन मागते, आणि उरलेला माल मंडईत न्यायचा तो शेतकऱ्यानेच. दहा एकरवाल्याला ते झेपते. दीड एकरवाल्याला झेपायचे तर चार जणांना मिळून माल एकत्र करावा लागतो, आणि आपल्याकडे चार भावांचा बांध एकत्र होत नाही तिथे माल काय होणार.

दुकानदारानेच ॲपवर जावे की!

जाता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनमधल्या आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही ऑनलाइन मंडईतून माल विकायची मुभा मिळाली. कंपोझिशन म्हणजे दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्याने करपात्र मालाच्या विक्रीवर एक टक्का भरून मोकळे व्हायचे. सरकारी पाठबळाचे ओएनडीसी हे जाळेही याच कामासाठी उभे केले आहे. पण या लहान विक्रेत्यांना अट अशी की विक्री राज्याच्या आतच हवी.

आणि आपल्याकडे सगळे अडते ते इथेच. बाची कर्नाटकात, वेंगुर्ले रस्त्याने थोडे पुढे शिनोळी महाराष्ट्रात. चंदगड तालुक्यातली माणसे बाजाराला बेळगावात येतात, सोयरीक दोन्हीकडे, बोली तीच. शिनोळीचा माणूस बाचीच्या दुकानात येऊन माल पिशवीत घालून घेऊन गेला तर ती कर्नाटकातली विक्री, काही अडचण नाही. तोच माल बाचीच्या दुकानदाराने पोराच्या हाती शिनोळीला घरपोच पाठवला की ती आंतरराज्य विक्री झाली. कंपोझिशनवाल्याला ती करता येत नाही. नोंदणी नसलेल्याला करपात्र माल असा पाठवायचा तर उलाढाल चाळीस लाखांच्या आत असली तरी आधी नोंदणी घ्यावी लागते. निपाणी आणि कागलमध्येही हेच. दोन्ही राज्यांत नोंदणी असलेल्या मोठ्या कंपनीला मात्र ही रेघ आड येत नाही. तिचा माल कोल्हापूरच्या गोदामातून निघाला काय नि हुबळीच्या, संगणक काय ते बघून घेतो. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आहे का ते बघायला माणसे येतात. ॲपवर जो तो हवी ती भाषा निवडतो.

बाचीच्या दुकानदाराला शिनोळीत पिशवी पोचवायची असेल तर त्याने कंपोझिशन सोडून नेहमीची नोंदणी घ्यावी, महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रे भरावी आणि त्यासाठी कर सल्लागाराची फी मोजावी. ती फी निघायला शिनोळीतली किती घरे रोज त्याच्याकडून माल घेतील, हे त्याने आधी वहीच्या पाठीमागे मांडून बघावे. कंपन्याही असेच बघतात, फक्त त्यांच्या नकाशात शिनोळी अजून आलेली नाही.